घडीच्या गाड्या आणि सुटसुटीत स्टँड शोधणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मिटणाऱ्या चाकांच्या गाड्या, पॉप-अप फलक, रोल-अप स्टँड आणि उचलून नेता येणाऱ्या मांडण्या यांचे संशोधक, डिझायनर आणि उत्पादक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेटंटांच्या आकृत्या मी आवडीने वाचते. माझं काम फिरत्या प्रदर्शनांचं. खोकी, फलक, दिवे, मेजं गाडीवर चढवायची, जागेवर नेऊन उभारायची, दिवस संपला की उतरवायची आणि दुसऱ्या जागी पुन्हा तेच करायचं. गाडीची बिजागरी सैल झाली किंवा स्टँडचा खटका तुटला की दुरुस्तीलाही बहुतेक वेळा मीच बसते. त्यामुळे तुम्ही कागदावर काढलेल्या रेषा पुढे माझ्या हातात येतात, आणि त्याबद्दल तुमच्याशी थेट बोलावं असं पुष्कळ दिवस मनात होतं.

पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हाताने ढकलायच्या वाहनांना बी६२बी हा वर्ग आहे. त्यातल्या ३/०२ या गटात जुळवता, मिटवता आणि सुट्या करता येणाऱ्या गाड्या येतात. घडीच्या किंवा सुट्या होणाऱ्या प्रदर्शनी स्टँडसाठी ए४७एफ ५/१० हा गट आहे. या दोन कप्प्यांतली बहुतेक पेटंटं उघडून पाहिली तर एका आकृतीत वस्तू पूर्ण उघडलेली दिसते, दुसरीत पूर्ण मिटलेली. हक्कदाव्यांतही, म्हणजे नेमक्या कशावर हक्क आहे ते सांगणाऱ्या कलमांतही, ‘पहिली स्थिती’ आणि ‘दुसरी स्थिती’ असते, आणि वस्तू एकीतून दुसरीत जाते एवढं एका वाक्यात येऊन जातं. जाताना हात कुठे असतात? अर्धवट उघडलेली चौकट कोणाच्या आधारावर उभी असते? पाय कुठे लावायचा? एक बाजू सुटली तर दुसरी कुठे कलते? याचं उत्तर क्वचितच सापडतं.

उघडी गाडी किती वजन पेलते हे तुम्ही मोजता. मिटल्यावर ती किती जागा घेते हेही मोजता. या दोन्हींच्या मधली क्रिया ही तिसरी स्थिती आहे असं समजून तिचीही तितक्याच कसोशीने रचना करा, ही माझी मागणी आहे. पुढचं सगळं तिचंच स्पष्टीकरण आहे.

तुमच्या क्षेत्राचा इतिहासच या बाजूने साक्ष देतो. १९३७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी आपल्या किराणा दुकानांत खरेदीची गाडी आणली, ती घडीची होती. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्यांनी पाहिलं होतं. घडीच्या खुर्चीवरून त्यांना कल्पना सुचली, आणि फ्रेड यंग या मेकॅनिकच्या मदतीने त्यांनी चाकं लावलेली एक चौकट बनवली. तिच्यावर तारेच्या दोन टोपल्या एकीखाली एक बसायच्या. गिऱ्हाईक गेलं की टोपल्या काढून एकात एक रचायच्या आणि चौकट मिटवून बाजूला लावायची. सुरुवातीला लोक ती घ्यायलाच तयार नव्हते, म्हणून गोल्डमन यांनी पगारी माणसं नेमून त्यांना दुकानात गाड्या ढकलत फिरायला लावलं, ही हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे. मला तिच्या पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. प्रत्येक गिऱ्हाइकामागे कोणीतरी ती चौकट उघडायची, टोपल्या बसवायच्या, आणि शेवटी पुन्हा सगळं उतरवायचं. हे काम कोणत्याही आकृतीत नव्हतं, पण दुकानातल्या माणसांना दिवसभर करावं लागत होतं. १९४६ साली कॅन्सस सिटीच्या ओर्ला वॉटसन यांनी गाडीची मागची बाजू वरून टांगली. मागून दुसरी गाडी आत ढकलली की ती बाजू वर झुलते आणि गाड्या एकमेकींत शिरतात. घडी घालणं उरलंच नाही, जागा मात्र वाचली. आज जगभर जी खरेदीची गाडी दिसते ती वॉटसन यांच्या कल्पनेतून आली आहे. गोल्डमन यांची गाडी मिटल्यावर लहान होत होतीच. तरी मागे पडली, कारण मिटवण्याचे कष्ट तिने दुसऱ्याच्या अंगावर टाकले होते.

म्हणून नवी घडी शोधण्याआधी पहिला प्रश्न हा असू द्या, की इथे घडी हवीच आहे का? एका ठिकाणी दहा-बारा गाड्या ठेवायच्या असतील तर एकमेकींत शिरणाऱ्या गाड्या केव्हाही बऱ्या. घडी लागते ती एकट्या माणसाला, ज्याला वस्तू बरोबर घेऊन जिना चढायचा आहे, वाहनात टाकायची आहे, मेजाखाली सरकवायची आहे.

अशा एकट्या माणसाचा विचार ओवेन मॅक्लॅरन यांनी केला. ते विमान-अभियंते होते. स्पिटफायर विमानाच्या उतरण्याच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. लेकीला मुलाची जड ढकलगाडी घेऊन प्रवास करताना होणारा त्रास पाहून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी काढली आणि १९६५ साली तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. ही गाडी जेमतेम तीन किलोंच्या आसपास होती. तिच्या हलकेपणाचं कौतुक पुष्कळ झालं. मला तिच्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. मिटताना ती रुंदीतही आणि लांबीतही आकसते, आणि शेवटी हातात एक जुडी उरते. कडेवर मूल असलेल्या माणसाला दुसऱ्या हाताने ती उचलता येते. इथे संशोधकाने उघड्या गाडीबरोबर उघडणारा माणूसही पाहिला होता.

पण त्याच वंशातल्या गाड्यांनी दुसरा धडाही दिला. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मॅक्लॅरनच्या सुमारे दहा लाख ढकलगाड्या परत मागवण्यात आल्या. गाडी उघडताना बाजूच्या बिजागरीत मुलांची बोटं सापडत होती, आणि अमेरिकेत बोटाचं टोक तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. उपाय म्हणून मालकांना बिजागरीवर चढवायची कापडी आवरणं देण्यात आली. उघडलेली गाडी सुरक्षित होती आणि मिटलेली गाडीही सुरक्षित होती. इजा झाली ती मधल्या क्षणी.

यामागचं यांत्रिक कारण तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे, तरी इथे मांडते, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. कात्रीसारख्या दोन दांड्यांवर वरून भार असेल आणि खालून आडवं बल लावून ती उचलायची असेल, तर दांड्या ४५ अंशांवर असताना भाराइतकंच बल पुरतं. त्या १० अंशांवर, म्हणजे जवळजवळ आडव्या असताना, साडेपाच पटींहून जास्त बल लागतं. हेच गणित उलटं चालतं तेव्हा हातातलं थोडंसं बल सांध्याशी कित्येक पटींनी वाढतं. दोन दांड्या सरळ रेषेत येण्याच्या शेवटच्या काही अंशांत हा गुणाकार फार झपाट्याने चढतो. मध्यरेषा ओलांडून, म्हणजे दांड्या सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन, बसणारे तुमचे खटके याच बळावर घट्ट बसतात, म्हणून ते मला आवडतातही. पण खटका जितका घट्ट बसवायचा तितकंच बल तिथे सापडलेल्या बोटावर येणार. तेव्हा शेवटच्या त्या थोड्या अंशांत वापरणाऱ्याच्या दोन्ही हातांची बोटं कुठे असतील हे रचनेनेच ठरवून दिलं पाहिजे. मूठ अशा जागी असावी की हात आपोआप सांध्यापासून लांब राहील. लाल रंगात ‘बोटं सांभाळा’ असं छापून हे काम होत नाही. अंधारात, घाईत, गाडीवर खोकी असताना ते कोणी वाचत नाही. मुलांच्या ढकलगाड्यांच्या ईएन १८८८ या युरोपीय मानकात बोट अडकेल अशा फटी आणि कुलूप-यंत्रणा यांच्या तपासण्या आहेत. सामानाची घडीची गाडी उघडणारी बोटंही तितकीच जपायला हवीत. तुमच्यावर कायद्याने सक्ती असो वा नसो, ते मानक समोर ठेवून आपला नमुना तपासून पाहा.

आता चाकांकडे येते. घडीच्या गाडीत सगळ्यात जास्त अन्याय चाकांवर होतो. चौकट मिटून चपटी होते, पण चाकाची जाडी आणि व्यास कमी होत नाही. मग मिटलेल्या अवस्थेची जाडी कमी दिसावी म्हणून चाकंच लहान केली जातात. त्याची किंमत ढकलणारा चुकवतो. एक साधा हिशेब बघा. २ सेंटिमीटर उंचीचा उंबरठा आहे आणि आसापाशी आडवं ढकलून चाक त्यावर चढवायचं आहे. चाकाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर चाकावरच्या भाराच्या पाऊण पट बल लागतं. १० सेंटिमीटरच्या चाकाला भाराच्या १.३३ पट. ५ सेंटिमीटरच्या चाकाला जवळजवळ पाच पट! आणि उंबरठ्याची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी झाली की आडवं कितीही ढकला, चाक चढत नाही. तळमजल्यावरच्या गुळगुळीत फरशीवर जी गाडी पाण्यासारखी सरकते ती दाराच्या पट्टीपाशी अडून का बसते, हे एवढ्यातच आलं.

यावर उपाय आहेत. चाक आसावरून एका बटणाने सुटू द्या आणि मिटलेल्या चौकटीच्या पोकळीत बसू द्या. किंवा मिटताना चाकाला धरणारा काटा ९० अंशांत वळून चौकटीला समांतर होऊ द्या. असे प्रयोग पेटंटांत आहेत, पण दुकानातल्या गाड्यांत फार कमी उतरतात. सुटं होणारं चाक हरवू नये म्हणून ते ठेवायची जागा गाडीवरच हवी, हे विसरू नका. पुढची वळती चाकं लहान ठेवणं भाग असेल तर निदान मागची दोन मोठी द्या, म्हणजे गाडी उलटी फिरवून उंबरठ्यावरून ओढून घेता येते. ओढताना हाताचं बल तिरकं वर जातं आणि चाकावरचा भार थोडा हलका होतो. ढकलताना ते खाली दाबतं.

दांड्याबद्दलही हेच. १९७२ साली बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या बॅगेचं पेटंट मिळालं. तिला चार लहान चाकं आणि ओढायला एक पट्टा होता. पट्टा मऊ, बॅग उंच, त्यामुळे ती वळणावर डुलायची. १९८७ साली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बॅग उभी केली, दोन चाकं ठेवली आणि आत सरकणारा ताठ दांडा लावला. चाकं दोन्ही बॅगांना होती. खरा फरक पडला तो हात आणि वस्तू यांच्यातला दुवा ताठ झाल्यामुळे. सरकता दांडा आज घडीच्या असंख्य गाड्यांत आहे, पण त्याची खिटी बहुतेक ठिकाणी पातळ प्लास्टिकची असते, आणि गाडी भरलेली असताना जिन्यावर झटका बसला की आधी तीच तुटते. त्या खिटीवर चार पैसे जास्त खर्च करा, अशी कळकळीची विनंती आहे.

मिटलेली गाडी कशी वागते हाही दुर्लक्षित प्रश्न आहे. घडी घातल्यावर ती आपली आपण उभी राहते का? की तिला भिंत शोधावी लागते? मिटलेल्या अवस्थेत तिची दोन चाकं जमिनीला टेकतात का, म्हणजे ती तशीच ओढत नेता येईल? उचलायची मूठ मिटलेल्या अवस्थेच्या गुरुत्वमध्यावर आहे का? पुष्कळ गाड्यांत उघड्या स्थितीतला दांडाच उचलायला वापरावा लागतो, आणि मग मिटलेलं धूड एका टोकाने लोंबत पायावर आपटत राहतं. वजन तेच, पण मूठ योग्य जागी असली की मनगटाला पडणारा पीळ जातो. मिटलेली गाडी अचानक उघडू नये म्हणून एक कडी लागतेच. ती सुटी रबरी पट्टी नको. अशी पट्टी पहिल्या महिन्यात हरवते आणि मग सुतळी येते.

स्टँडकडे वळते. इथे तुमच्या पूर्वसुरींचं काम पाहून मन भरून येतं. स्पॅनिश वास्तुकार एमिलिओ पेरेझ पिन्येरो यांनी विद्यार्थी असताना, १९६१ साली, कात्री-जोडांच्या जाळीतून मिटणारं फिरतं नाट्यगृह कल्पिलं होतं. अमेरिकेतल्या थिओडोर झीग्लर यांना १९७६ साली अशाच, उघडल्यावर आपली आपण ताठ उभी राहणाऱ्या जाळीचं पेटंट मिळालं. आजचे पॉप-अप फलक त्याच वाटेने आले आहेत. मिटलेली जुडी दोन्ही बाजूंनी धरून उचलली की ती फुलत जाऊन भिंतीएवढी होते. हे मी दरवेळी तितक्याच आनंदाने करते. मात्र अशा जाळीत सांधे पुष्कळ असतात, आणि प्रत्येक सांध्यातली थोडी ढिलाई बेरीज होत वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचते. म्हणून खिळा आणि भोक यांच्या मापाची काटेकोरी इथे गाडीपेक्षाही जास्त लागते. प्लास्टिकच्या केंद्रगाठी, म्हणजे दांड्या जिथे जुळतात ते जोड, उन्हाने ठिसूळ होऊन तडकतात. एक गाठ गेली की सगळी जाळी वाकडी होते, आणि गाठ सुटी मिळत नाही म्हणून अख्खा स्टँड टाकावा लागतो.

रोल-अप स्टँडचं, म्हणजे पेटीतून कापड वर ओढून उभ्या करायच्या फलकाचं, मूळ त्याहून जुनं. १८६४ साली स्टुअर्ट हार्ट्सहॉर्न यांनी खिडकीच्या पडद्यासाठी आत स्प्रिंग असलेला रूळ पेटंट केला होता, तेच तत्त्व आजही पेटीच्या आत बसलेलं आहे. कापड लावेपर्यंत स्प्रिंगचा ताण एका बारीक पिनेने धरलेला असतो. पिन वेळेआधी निघाली की स्प्रिंग भर्रकन सुटते आणि सगळा ताण जातो. पेटी रिव्हेट मारून बंद असेल तर तो ताण पुन्हा भरायची वाटच राहत नाही. ती पिन साखळीने पेटीला जोडून ठेवणं आणि ताण बाहेरून पान्याने भरता येणं, या दोन गोष्टी तुम्ही दिल्यात तर किती स्टँड कचऱ्यातून वाचतील!

वाऱ्याबद्दल मात्र मला जरा खडसावून बोलायचं आहे. १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच फलक घ्या. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वाऱ्यात त्यावर दर चौरस मीटरला साधारण ६० न्यूटन दाब येतो, सगळा मिळून १२० न्यूटन. जणू जमिनीपासून १ मीटर उंचीवर कोणीतरी १२ किलोंच्या जोराने सतत रेटतंय. सपाट फलकाला प्रत्यक्षात हा रेटा थोडा जास्तच बसतो. पायाची खोली ५० सेंटिमीटर असेल तर उलटायची धार मध्यापासून २५ सेंटिमीटरवर येते, आणि तोल राखायला जवळपास ५० किलो वजन लागतं. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे २०० किलो. आणि तुम्ही असे फलक किती वजनाचे विकता? दोन्ही हातांनी सहज उचलता येतील इतके! उचलायला हलकं आणि वाऱ्यात स्थिर, या दोन गोष्टी एकाच वजनातून मिळणार नाहीत. तेव्हा पायात पोकळ टाकी द्या, जागेवर पाणी भरता येईल. एक लिटरला एक किलो, आणि परत जाताना ओतून टाकलं की ओझं गेलं. जास्त वाऱ्यात फलक चौकटीतून सुटून लवेल अशी कळ ठेवा. आणि किती वेगाच्या वाऱ्यापर्यंत हा स्टँड बाहेर वापरावा, हे पायावर ठळक आकड्यात कोरा.

तीन पायांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तीन पाय उंचसखल जागेवर कधी डुगडुगत नाहीत, म्हणून ते सगळ्यांना आवडतात. पण मध्यापासून ६० सेंटिमीटर पसरणाऱ्या तीन समान पायांचा स्टँड दोन पायांच्या मधल्या दिशेने मध्यापासून ३० सेंटिमीटरवरच उलटतो. तेवढ्याच चार पायांना ती मर्यादा सुमारे ४२ सेंटिमीटर मिळते. गर्दीत ठेवायच्या स्टँडला चार पाय आणि त्यातल्या एकाला उंची जुळवायचा स्क्रू, हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

नळ्यांच्या धातूचा विषय थोडक्यात उरकते. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, आणि ताठपणाही साधारण एक तृतीयांश. नुसता धातू बदलून नळी तीच ठेवली तर चौकट लवते. नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दीडपट केला तर ताठपणा सुमारे ३.४ पट होतो, आणि तरी वजन पोलादाच्या निम्म्याच्या आसपास राहतं. मिटलेली जाडी मग थोडी वाढेल. वाढू द्या.

आता दुरुस्ती. रिव्हेट मारलेला सांधा कारखान्यात स्वस्त पडतो, पण तो सैल झाला की घासून काढण्यावाचून गत्यंतर नसतं. त्या जागी नायलॉक नट असलेला बोल्ट द्या. आत नायलॉनची कडी असल्यामुळे तो हादऱ्याने ढिला होत नाही, आणि झिजला तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मापं नेहमीची ठेवा, ६ किंवा ८ मिलिमीटर. चाकात ६०८ क्रमांकाचं बेअरिंग बसवा. आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२, रुंदी ७ मिलिमीटर. स्केटच्या चाकांत तेच असतं, म्हणून ते सगळीकडे मिळतं. आपल्याच गाडीसाठी खास व्यासाचा आस बनवून तुम्ही गिऱ्हाईक बांधून ठेवत नाही, तुमची चांगली गाडी एका चाकापायी भंगारात धाडता. प्लास्टिकच्या प्रत्येक भागावर त्याचा क्रमांक साच्यातच उमटवा. वेगळा लिहिलेला कागद पहिल्याच प्रवासात जातो.

नव्या संशोधकांना आणखी एक सांगावंसं वाटतं. पेटंटाचं संरक्षण साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असतं. त्यानंतर ती कल्पना सगळ्यांची. वॉटसन, मॅक्लॅरन, सॅडो, झीग्लर यांच्या त्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे. त्यांच्या आकृत्या फुकट वाचता येतात, कोणाची परवानगी न घेता त्यातले सांधे वापरता येतात. सगळं शून्यापासून शोधायची गरज नाही. जुना, कसाला उतरलेला सांधा घ्या आणि तुमची बुद्धी त्या न काढलेल्या तिसऱ्या आकृतीवर खर्च करा. वस्तू अर्धी उघडी असतानाची आकृती, तिला धरणारे हात दाखवून, प्रत्येक पेटंटात आणि प्रत्येक माहितीपत्रकात असली पाहिजे. हात कुठे ठेवायचे हे तुम्हाला काढून दाखवता येत नसेल, तर रचना अजून पूर्ण झालेली नाही असं समजा.

चाचणीही तशीच घ्या. स्वच्छ प्रयोगशाळेत, दोन्ही हात मोकळे असलेल्या इंजिनिअरने गाडी दहा सेकंदांत उघडून दाखवली यावर थांबू नका. सांध्यात वाळू टाका. हातमोजे घाला. उतारावर उभे राहा. एक हात खिशात ठेवा. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे, ज्यांना एकच हात वापरता येतो, ज्यांची उंची कमी आहे, अशांना बोलवा, आणि त्यांना योग्य ते मानधन द्या. खटका दाबायला किती बल लागतं ते मोजून माहितीपत्रकात छापा. वजन आणि मापं छापता तसंच.

हे सगळं केल्याने गाडी थोडी महाग होईल, हे मला कळतं. मी स्वतः अशी गाडी जास्त पैसे देऊन घेईन, आणि हे काम करणारे माझ्या ओळखीतले बरेच जण घेतील. आम्हाला गाडी दर हंगामाला बदलायची हौस नाही.

तुमच्याकडे नवा नमुना तयार असेल तर तो आमच्यासारख्यांच्या हातात द्या. फक्त मांडणी सजून तयार असते तेव्हा येऊ नका. शेवटच्या दिवशी, सगळं उतरवायच्या वेळी या, जेव्हा माणसं दमलेली असतात आणि वाहन बाहेर थांबलेलं असतं. काही सांगू नका, काही दाखवू नका. कोणी किती वेळा हात बदलला, कुठे गुडघा लावावा लागला, कोणता खटका दोनदा दाबला, कोणती मूठ कोणी वापरलीच नाही, एवढं टिपून घ्या, आणि मग आमच्याशी बोलायला बसा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
फिरत्या प्रदर्शनांची मांडणी करणारी एक वापरकर्ती